नाकवाली

बेकरीत तिला सगळे नाकवाली म्हणत. नाक काही चाफेकळी नव्हतं. जरा बसकंच, शेंड्याला गोल. पण पाव भट्टीतून कधी काढायचा हे ती घड्याळाकडे न बघता सांगायची. पिठाच्या पोत्यांकडे तोंड करून उभी असली तरी मध्येच मान वर करायची आणि म्हणायची, "काढा." मालक लांब दांड्याच्या फळीने ट्रे ओढायचे, आणि पावांची पाठ हवी तशी तांबूस झालेली असायची. भट्टीवरचं घड्याळ बंद पडून बरीच वर्षं झाली होती. त्यात सेल घालायचा विषय निघाला की मालक म्हणायचे, "आपली नाकवाली आहे की. तिला सेल लागत नाही."

लग्नाआधी ती इथे ट्रे घासायला लागली होती. एक दिवस घासता घासता म्हणाली, "मालक, त्या कोपऱ्यातल्या पोत्यात काहीतरी बिघडलंय." पोतं उघडलं तर तळाचं पीठ ओलावलेलं. तेव्हापासून मालकांनी तिला ट्रेवरून पिठावर आणलं आणि पिठावरून भट्टीवर. लग्न होऊन ती बेकरीपासून दोन गल्ल्या पलीकडे राहायला आली, तरी काम सोडलं नाही. सासूला ते फारसं रुचलं नव्हतं. "भट्टीपुढे बसून सून भाजून निघेल," असं ती खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला म्हणाली, आणि शेजारणीच्या तोंडात तीळ भिजत नसल्याने ते त्याच संध्याकाळी सुनेच्या कानावर आलं. त्यावरून भांडण असं झालं नाही. पण सासू-सुनेचं गूळपीठही कधी जमलं नाही. एकमेकींना सांभाळून असत, इतकंच.

सासूचं आयुष्य सूतगिरणीत गेलेलं. गिरणीने तिला दोन गोष्टी दिल्या: मोठ्याने बोलायची सवय आणि कापसाच्या तुसाने भरलेली छाती. जिना चढताना तिला मध्ये थांबावं लागे. आपण थांबलो हे कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून ती भिंतीवर हात फिरवत उभी राहायची आणि म्हणायची, "रंग किती उडालाय बघ इथला." त्या भिंतीचा रंग उडालाच होता म्हणा. तिच्याच हाताने.

लग्नाला बरीच वर्षं झाली. लोकांनी आधी विचारलं, मग सुचवलं, मग कंटाळून सोडून दिलं. आणि सगळ्यांनी नाद सोडल्यावर नाकवालीला दिवस गेले. नेमकी त्याच सुमारास साथ आली.

गरोदर बाईला सल्ला देणं हा तसा सगळ्या जगाचा जन्मसिद्ध हक्क. त्यात साथ, म्हणजे उंटावरच्या शहाण्यांची जत्राच. फोनवर निरोपांचा पाऊस. गरम पाणी प्या, वाफ घ्या, वाफ मुळीच घेऊ नका, चाला, बाहेर पडू नका, उन्हात बसा, चिंता करू नका. शेवटचा सल्ला तिला सगळ्यात जास्त छळायचा. चिंता करू नका म्हणून सांगणाऱ्या प्रत्येकाने तिला चिंतेचं एकेक नवं कारण आणून दिलं होतं. हात धुऊन धुऊन तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. बटाट्यांना तर तिने साबणाने आंघोळ घातली, आणि शिजल्यावर त्यांना फेस आला तेव्हा सासू दाराआडून म्हणाली, "आता त्यांना पावडर-कुंकू तेवढं राहिलंय." दवाखान्यात तपासणीला नवऱ्याला फाटकाबाहेर उभं करत. बाळाच्या काळजाचे ठोके तिने एकटीनेच ऐकले, आणि ते ऐकून रडू आलं तेव्हा तोंडावरचं फडकं ओलं झालं म्हणून तिला ते बदलायला लावलं.

याहून मोठा त्रास वासाचा होता. ज्या नाकाने तिला पोसलं तेच नाक आता तिच्या मुळावर उठलं. सगळ्या बायकांना काही महिने मळमळतं आणि मग थांबतं. हिचं थांबेना. आंबवलेल्या पिठाचा वास आला की पोटातलं सगळं वर यायचं. घरी सासूने काय शिजायला घातलंय ते तिला गल्लीच्या तोंडाशी कळायचं, आणि जिना चढेपर्यंत भूक मेलेली असायची. दोन घास खायचे, एक बाहेर काढायचा. बाळाची वाढ थोडी मागे आहे, असं आरोग्य केंद्रातली सिस्टर म्हणाली होती. ही सिस्टर आठवड्यातून एकदा सगळ्या गरोदर बायकांना फोन करून ठरलेले प्रश्न विचारायची. बाळ हलतंय का, पाणी किती पिता, झोप लागते का, आज काय खाल्लंत. आणि सगळ्यात शेवटी, "मन कसं आहे?"

"ठीक आहे," नाकवाली म्हणायची. दुसरं काय सांगणार?

घरी बस म्हणणारे पुष्कळ होते. पण बेकरीतले दोघे कारागीर साथ आल्याबरोबर आपापल्या घरी निघून गेले होते, मालकांची कंबर धरलेली, आणि अर्ध्या वस्तीचा पाव तिथून जाई. मालकांनी तिला जड उचलू दिलं नाही. स्टुलावर बसवलं, पीठ मळायला टेबल खाली करून दिलं, गिऱ्हाइकांपुढे काच लावली. शिवाय खरं सांगायचं तर घरात बसलं की तिच्या डोक्यात गिरणी सुरू व्हायची. बेकरीत निदान पीठ तरी दळलेलं मिळत होतं.

आता राहता राहिला सासूचा प्रश्न. साथीच्या सुरुवातीलाच डॉक्टरांनी नाकवालीच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आईंना हा आजार होऊ देऊ नका. त्यांच्या छातीला तो झेपणार नाही." नवऱ्याने हे बायकोला हळूच सांगितलं, आणि हळू बोलणं हे गिरणीकामगाराच्या मुलाला जमत नसल्याने सासूनेही ऐकलं. नवरा दुधाचा टँकर चालवायचा. दूरच्या फेऱ्या, चार-चार दिवस बाहेर, झोपणं केबिनमध्ये. म्हणजे घरात दोघीच. मग दोघींनी मिळून नियम केला. आतली खोली आणि चूल सासूची, बाहेरची खोली सुनेची. मधल्या उंबऱ्यावर एक स्टूल. सासूने ताट स्टुलावर ठेवायचं, मागे सरकायचं आणि हाक मारायची. सुनेने येऊन उचलायचं. उंबरा कुणी ओलांडायचा नाही.

गंमत अशी की इतकी वर्षं एका घरात राहून ज्या बोलल्या नव्हत्या त्या मध्ये दार आल्यावर बोलायला लागल्या. सासू दाराआड पाटावर बसायची, सून अलीकडे भिंतीला टेकून. नवरा लहानपणी किती हट्टी होता, गिरणीतल्या बायका यंत्रांच्या आवाजात ओठांवरून बोलणं कसं ओळखायच्या, पहिल्या बाळंतपणात सासूला किती भीती वाटली होती. "मला तर वाटलं होतं, पोटातून माकड येईल," सासू म्हणाली. "मग?" "मग तुझा नवरा आला. फार चुकले नव्हते." सून हसली की पलीकडून सासूही हसायची, आणि हसता हसता खोकायची. तो खोकला ऐकला की सुनेचं हसू जागच्या जागी थांबायचं.

आठवड्यातून एक दिवस भट्टी थंड असे. त्या दिवशी राख काढायची, उद्याचं पीठ मळायचं आणि खमिराच्या बरणीत नवं पीठ-पाणी घालायचं. ही बरणी म्हणजे बेकरीचा जीव. तिच्यातलं आंबलेलं पीठ रोजच्या पावात जायचं आणि तिला उपाशी ठेवली की ती मरायची. पण तिचं झाकण काढायचं म्हणजे नाकवालीच्या जिवावर यायचं. पायाशी बादली ठेवूनच ती ते काम करायची.

सातव्या महिन्यातल्या अशाच एका दिवशी तिने बादली जवळ ओढली, श्वास रोखला, झाकण काढलं. मग श्वास सोडावाच लागला. काही झालं नाही. तिने फडकं हनुवटीवर ओढलं आणि बरणीवर वाकली. पोट शांत. पोटातलं बाळही आपलं निवांत. तिने परत श्वास घेतला, लांब, छातीभरून, कितीतरी महिन्यांनी. आणि ती एकटीच हसायला लागली.

"मालक, सुटले बहुतेक."

"माझ्या बायकोचंही सातव्यातच थांबलं होतं," मालक म्हणाले. "एका रात्रीत. मी म्हटलं नव्हतं?"

त्यांनी काही म्हटलं नव्हतं, पण आनंदाच्या वेळी कोण हिशेब बघतो. आता वास जातो हे या आजाराचं लक्षण आहे हे तिलाही ठाऊक होतं, रेडिओ कानीकपाळी तेच ओरडत होता. पण आजार म्हणजे काहीतरी वाईट वाटणार, हे माणूस धरून चालतो. बरं वाटायला लागलं हेच आजाराचं लक्षण असेल असं कुणाच्या मनात येणार? घसा थोडा खवखवत होता. पिठाच्या कामात घसा खवखवायचाच. शिवाय भट्टी थंड, भाजायला काही नाही, म्हणून नाकाची परीक्षाही झाली नाही. दिवसभर तिने पीठ मळलं आणि गुणगुणत राहिली.

घरी आली. हात-पाय धुतले, कपडे बदलले. आणि तिला भूक लागली. नुसती भूक नव्हे, भट्टीतल्या जाळासारखी. ती मधल्या दाराशी गेली, आणि स्टूल बाजूला सारून सरळ आत शिरली.

सासू खिडकीशी उभी होती. खिडकी सताड उघडी, बाहेर गारठा, आणि सासू पातेल्याच्या झाकणाने वारा घालत होती. सुनेला बघून तिचा हात थांबला.

"अगं, तू आत..."

"आई, आज मला काही झालं नाही. बरणी उघडली तरी काही नाही. मला भूक लागलीय. काय केलंय?"

"दूधभात. पण थांब, हा जरा... मी दुसरा टाकते."

"नको, हाच द्या. किती छान दिसतोय." तिने पातेलं स्वतःच पुढे ओढलं आणि सासूच्या छोट्या टेबलाशी बसली. भात जरा तपकिरी होता. तिने वरून साखर घेतली आणि खायला लागली. सासूने तिच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. मग झाकण ठेवून समोर बसली.

नाकवाली जेवत होती आणि बोलत होती, दोन्ही एकदम. ताट संपलं. "अजून आहे?" तिने विचारलं. सासूने वाढलं. दुसरं ताट अर्ध्यावर आलं आणि बाळाने अशी लाथ मारली की टेबलाची कड हलली. "बघा, बघा," असं म्हणत तिने सासूचा हात ओढून पोटावर ठेवला. सासूचा हात खरखरीत, गाठाळ, सुताने कापलेला. तो आधी अवघडून राहिला, मग सैल झाला. बाळ परत हललं. सासूने डोळे मिटले होते. हात तिने बराच वेळ काढला नाही.

त्या संध्याकाळी नाकवाली जितकी सुखात होती तितकी ती कित्येक महिन्यांत नव्हती. उंबरा ओलांडल्याची आठवण तिला झोपताना झाली, आणि एकदाच तर, असं म्हणून ती झोपलीही.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. पहिले ट्रे आत गेले. नाकवाली नेहमीसारखी स्टुलावर बसून पुढचे गोळे वळत होती. मालक फळी घेऊन तिच्या शब्दाची वाट बघत उभे. ती वळत राहिली. मालकही उभे राहिले, कारण तिच्या आधी काढायची त्यांना सवयच नव्हती.

"नाकवाली," शेवटी मालक म्हणाले, "अगं, जळतंय."

"कुठे?"

मालकांनी भट्टीचं दार उघडलं. धूर बाहेर आला, तिच्या तोंडावर आला, डोळ्यांना झोंबला. डोळ्यांना झोंबला, आणि नाकाला काही नाही. तिने जळका पाव उचलून नाकाशी धरला. दगड धरावा तसा. मालक काहीतरी विचारत होते. स्वतःचा विचार तिच्या मनात आला नाही. खोटं कशाला, बाळाचाही पहिल्यांदा आला नाही. तिला ते छोटं टेबल दिसलं, आणि पोटावरचा तो हात.

तपासणीत व्हायचं तेच निघालं. मालकांनी दुकानाला कुलूप लावलं. सुदैवाने त्यांना काही झालं नाही, आणि तिलाही फार नाही. थोडा ताप, थोडी अंगदुखी, बाळ ठणठणीत. मधलं दार आता घट्ट बंद. ती अलीकडे बसून पलीकडचा खोकला ऐकायची. आजचा कालच्यापेक्षा जास्त आहे का? कोरडा आहे का? सासू ताकास तूर लागू देत नव्हती. "मला काय धाड भरलीय," म्हणायची. पण एका सकाळी हाक मारताना तिला "अगं" आणि "ताट" यांच्या मध्ये दम घ्यावा लागला, आणि नाकवालीने तिथल्या तिथे सिस्टरला फोन लावला.

रुग्णवाहिका आली. सासू स्वतःच्या पायांनी जिना उतरली. मध्ये थांबली, भिंतीला हात लावला, आणि या वेळी रंगाबद्दल काही बोलली नाही. नाकवाली वरच्या दारात उभी होती. खाली जायची तिला मनाई होती. सासूने मान वर करून पाहिलं. "बटाटे उकडून ठेवलेत," ती म्हणाली. "साबण लावला नाहीये." आणि गेली.

त्यानंतर नाकवाली जेवायची थांबली. ठरवून नाही. ताट पुढे घेतलं की तिला तो दूधभात दिसायचा, आपण मिटक्या मारत बसलोय आणि समोर सासू आपला श्वास ओढून घेतेय. चवही नव्हतीच. घास तोंडात फिरत राहायचा आणि घशाशी येऊन अडायचा. नवरा टँकर गल्लीत उभा करून खालून ओरडायचा, "जेवलीस का?" ती खिडकीतून मान हलवायची. "काय जेवलीस?" मग अख्खी गल्ली उत्तराची वाट बघत उभी. तीच शेजारीण, तोंडात तीळ न भिजणारी, रोज दाराबाहेर सूप ठेवून जायची आणि तसंच परत न्यायची. ते मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यातून एकच उत्तर यायचं: ऑक्सिजन चालू आहे, वाट बघायची. बाळ हलत होतं, पण पूर्वीसारखं नाही. आळसावल्यागत.

सिस्टरचा फोन आला. बाळ, पाणी, झोप, जेवण. नाकवालीने दोन-तीन उत्तरं जमेल तशी दिली.

"आणि मन कसं आहे?"

नाकवालीने "ठी" म्हटलं आणि पुढचं अक्षर काही तिच्या तोंडून निघेना. मग ती रडली. सिस्टरने फोन ठेवला नाही, मध्ये बोललीही नाही. नाकवालीने सगळं सांगितलं: बरणी, भूक, उंबरा, ओढून घेतलेला हात. "मला स्वतःच्या पोटाची पडली होती, सिस्टर. मी त्यांना मारायला निघाले. आता कोणत्या तोंडाने जेवू?"

सिस्टर म्हणाली, "मी तुम्हाला तुमचा दोष नाही म्हणून सांगितलं तर पटणार आहे का?"

"नाही."

"मग मी नाही सांगत. ज्यांनी सांगायला हवं त्यांच्याशीच बोला. वॉर्डमधली नर्स माझ्या ओळखीची आहे. आज सासूबाईंना जरा बरं आहे म्हणे. बघते."

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आधी नुसती घरघर, कुठल्याशा यंत्राची शिट्टी, आणि नर्सचा आवाज, "आजी, थोडंच हं." मग सासू. गिरणीत अख्खा विभाग हलवणारा आवाज आता वातीइतका बारीक झाला होता, आणि दर चार शब्दांनंतर ती श्वासासाठी थांबत होती.

"जेवत नाहीस म्हणे."

"आई, माझ्यामुळे तुम्ही..."

"थांब. मला दम कमी आहे. मला बोलू दे." मग बराच वेळ नुसता श्वास. "त्या दिवशीचा दूधभात. करपला होता."

नाकवालीला वाटलं सासू तापात बडबडतेय. "कुठला, आई?"

"अगं, पार करपला होता. तळाला कोळसा. मला डुलकी लागली होती. खालून शेजारीण विचारत होती, काय जळतंय. मी खिडकी उघडून वारा घालत होते. तू यायच्या आत टाकून द्यायचा होता." थांबली. श्वास. "आणि तू आत आलीस. म्हणालीस, हाच द्या. तू. शेजारणीचं दूध उतू गेलेलं जिला जिन्यात कळतं, ती."

नाकवालीच्या हातातला फोन कानाला घट्ट दाबला गेला.

"मला तेव्हाच कळलं," सासू म्हणाली. "रेडिओ मीही ऐकते."

"मग तुम्ही मला उठवलं का नाही? बाहेर का नाही हाकललं?"

"आता म्हणता येईल, की तू आत येऊन बसलीच होतीस, व्हायचं ते होऊन गेलं होतं. पण खोटं कशाला बोलू. उठवता आलं असतं. निदान मला तरी उठता आलं असतं." श्वास. "तू दुसऱ्यांदा वाढून मागितलंस. किती महिन्यांनी मागितलंस. करपलेला भात, आणि तू तो पोटभर खात होतीस. मी म्हटलं, हिचं जेवण होऊ दे. मग सांगू. मग तू माझा हात घेतलास. तेव्हा तर मला उठायचंच नव्हतं. ते माझं माझ्यासाठी होतं. त्याचं पाप तू आपल्या डोक्यावर घेऊ नकोस."

मग नाकवालीला राग आला. असा राग, की ती उभी राहिली.

"तुम्हाला काही कळतं का हो? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? एवढं सगळं दार, स्टूल, ताट, कशासाठी केलं आपण? आणि तुम्ही कळून-सवरून समोर बसून राहिलात? एका ताटासाठी? मी उपाशी मेले असते का एक दिवस? तुम्हाला काही झालं असतं तर मी कुणाशी..." इथे तिचा आवाज फुटला. सासूला असं बोलायची तिची ही पहिलीच वेळ. खिडकी उघडी होती, आणि खालच्या मजल्यावर भांडी घासायचा आवाज थांबला होता.

पलीकडून घरघर आली. खोकला असेल म्हणून ती घाबरली, पण सासू हसत होती.

"चिडलीस ना?" सासू म्हणाली. "बरं झालं. चिडलेल्या माणसाला भूक लागते. घरात काय आहे?"

पुढे घरी आल्यावर, नातीला मांडीवर घेऊन, सासू या फोनची गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, तेव्हा सुनेने आपल्याला कसं फाडून खाल्लं ते ती मोठ्या अभिमानाने सांगायची आणि शेवटचा भाग गाळायची. नाकवाली मात्र तो भाग विसरली नाही. तिचं नाक पुढे हळूहळू अर्धंमुर्धं परत आलं, मालकांना घड्याळात सेल घालावा लागला, ते सगळं झालं. पण त्या दुपारी काय झालं ते असं.

दाराबाहेर शेजारणीने सूप आणि पाव ठेवला होता. नाकवालीने दोन्ही आत आणलं, फोन टेबलावर उभा ठेवला, सूपमध्ये पाव बुडवला आणि तोंडात घातला. चव नव्हती. वास नव्हता. तिने तो चावला आणि गिळला.

"आवाज येत नाही," फोनमधून सासू म्हणाली.

"खातेय, आई."

"मोठ्याने खा."

नाक ओढत, डोळे पुसत, तिने दुसरा घास घेतला, मग तिसरा. टेबलाशी बसून ती चावत राहिली आणि पलीकडे सासूचा ओढून घेतलेला श्वास ऐकत राहिली. मध्येच कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला आणि नर्स म्हणाली, "आजी, पुरे आता. फोन द्या, मास्क लावायचाय."

"थांबा जरा," सासू म्हणाली. "माझी सून जेवतेय."